रघुची वाक्यं

मंदाकिनी स्वयंपाकघरातून इंग्रजीत बोलली आणि उत्तम सरांनी पुसायला काढलेला चष्मा तसाच हातात राहिला. वाक्य छोटंच होतं. "आय पुट अप विथ हिम, फॉर्टी वन इयर्स." त्यानंतर बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला, साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आला, म्हणजे बोलणारी बाई बोलून आपल्या कामाला लागली होती. सरांच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की एक्केचाळीस वर्षं चालत आलेली गोष्ट सांगताना तिथे 'हॅव' हवं. सवयीने ते आपोआप आलं आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. बायको लग्नानंतर पहिल्यांदा इंग्रजीत अख्खं वाक्य बोलते, तेही आपल्याविषयी, आणि आपण त्यातला काळ तपासत बसतो. अर्थ त्यांच्यापर्यंत त्यानंतर पोचला, ठेच लागल्यावर कळ जशी जरा उशिरा येते तसा. पुट अप विथ. सोसणं. चालवून घेणं. कटकट असली तरी तोंड न उघडता पत्करून राहणं. हा अर्थ त्यांनी स्वतः, याच खोलीत, वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला होता.

समोर खुर्चीत बसलेली निशिगंधा मात्र खुशीत हसली. "काकू, भारीच. हे लिहून घेऊ मी?"

"घे की. खरंच आहे ते," पडद्यामागून उत्तर आलं.

निशिगंधा आता पन्नाशीला टेकली होती. दहावीला असताना ती खाडीकाठच्या गावातून डोंबिवलीत सरांच्या शिकवणीला चालत यायची. वडील मिठागरावर कामाला होते. लग्न होऊन कळव्याला गेली, दोन मुलींना मोठं केलं आणि आता तिथेच तिने बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग काढला होता. आज मंगळवारी सकाळी ती न सांगताच आली होती, हातात खाकी कव्हर घातलेली, कोपरे कुरतडल्यासारखे झालेली एक दोनशेपानी वही घेऊन. वहीवर तिचं माहेरचं नाव होतं आणि साल होतं, एकोणीसशे नव्वद-एक्याण्णव.

"काय होतं सर, पुस्तकात सगळा टॉम नि त्याचा रूममेट," ती सांगत होती. "माझ्याकडे सखुबाई म्हणून आहेत, सहासष्ट वर्षांच्या. नातवाच्या शाळेत बाईंशी बोलता यावं म्हणून येतात. त्या विचारतात, 'बाय, यो टॉम कोनाचा?' मी काय सांगू? मग मला आपला रघु आठवला, तुमच्या वाक्यांतला. वही माळ्यावरून काढली. सगळी वाक्यं आहेत, ही एकच ओळ रिकामी. त्या दिवशी मी आलेली नव्हती, भावाची हळद होती. शब्द कुणाच्या तरी वहीतून उतरवलेला, वाक्य राहिलं. चौतीस वर्षं रिकामी आहे बघा."

त्या रिकाम्या ओळीसाठीच तिने सरांना वाक्य विचारलं होतं, सर चष्मा पुसत विचार करत होते, आणि वाक्य आतून आलं होतं.

मंदाकिनी चहा घेऊन बाहेर आली. चेहरा रोजचाच. निशिगंधाने विचारलं, "काकू, तुम्हांला इंग्लिश येतं, हे माहीतच नव्हतं."

"मला कुठलं येतंय. काही वाक्यं येतात."

"कुठे शिकलात?"

"इथेच. मध्ये पडदा होता, भिंत नव्हती."

सरांनी चहाचा घोट घेतला, तो जास्त गरम होता, तरी घेतला. निशिगंधा जाताना म्हणाली, "सर, वही ठेवून जाते. काकूंचं झालं, पण मला रघुचं पाहिजे. शनिवारी दहाला येईन." त्यावर मंदाकिनी म्हणाली, "दहालाच ये हो. अकराला मी निघत्ये. टिटवाळ्याला, बहिणीकडे. तीन महिने."

"तीन महिने? आणि सर?"

"सर आहेत की," मंदाकिनी म्हणाली आणि रिकामे कप उचलून आत गेली.

बहिणीच्या, म्हणजे जयाच्या, यजमानांना जाऊन आठ महिने झाले होते. मुलाने टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर जागा घेऊन दिली होती, तो स्वतः परदेशात. जया रोज फोन करी आणि खिडकीतून नदी दिसते असं सांगे. त्या नदीचं ती करणार काय होती, हे तिचं तिलाही ठाऊक नसावं. मागच्या शुक्रवारी फोन ठेवून मंदाकिनी म्हणाली होती, "जया बोलावत्येय. तीन महिने तरी ये म्हणत्येय. जाऊ का?" सर वर्तमानपत्र वाचत होते. "तुला वाटलं तर जा," ते म्हणाले. ती थोडा वेळ उभी राहिली. "बरं," म्हणाली. एवढंच झालं होतं. त्यात काही घडलं असं सरांना तेव्हा वाटलं नव्हतं, उलट बायकोच्या मर्जीआड न येणारा नवरा म्हणून स्वतःविषयी थोडं बरंच वाटलं होतं. आज ते 'बरं' त्यांना पुन्हा ऐकू आलं आणि त्याच्या शेजारी हे नवं इंग्रजी वाक्य येऊन बसलं. दोन्ही एकाच आवाजातली होती. सोसणाऱ्या माणसाला एक दिवस सोसणं पुरे झालं असं वाटू शकतं, आणि तो 'जाऊ का' असं विचारू शकतो, आणि त्याला 'जा' असं उत्तर मिळू शकतं. तीन महिन्यांनी ती परत येईल असं कुणी कुठे म्हटलं होतं?

दुपारी मंदाकिनी जरा आडवी झाल्यावर सरांनी वही उघडली. वर्गाचा त्यांचा एक नियम होता, तो पहिल्याच पानावर निशिगंधाच्या गोल अक्षरात लिहिलेला होता: वाक्य गाईडमधलं चालणार नाही, घरातलं पाहिजे. सुरुवातीला ते स्वतःही पुस्तकातलीच वाक्यं देत, चोरांनी बँक फोडली, विमान धावपट्टीवरून उडालं, वगैरे. मुलांना ना बँक माहीत होती ना विमान. मग त्यांनी नियम केला. जो शब्द शिकलात तो घरी घेऊन जा, रात्रीच्या जेवणात कुठे बसतो का बघा आणि उद्या वाक्य आणा. मुलं आणू लागली. कुणाचे वडील पहाटे मिठागराकडे निघत, कुणाच्या आजीचं औषध संपे, कुणाची आई मामावर डाफरे. एके दिवशी पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचं?" सर गोंधळले. फळ्यासमोर उभं राहून 'मी' म्हणायचं, 'माझी बायको' म्हणायचं, हे त्यांच्या घशातून निघेना. कॉलेजात असल्यापासून ते असेच होते. चार माणसांत स्वतःविषयी बोलायची वेळ आली की कानामागे गरम व्हायचं. त्यांनी खडू उचलला आणि लिहिलं, रघु. रघुने सकाळी छत्री शोधली. तेव्हापासून रघु वर्गात राहायला आला. त्याला दोन खोल्या होत्या, दमा असलेले वडील होते, एक मुलगा होता जो गणितात मागे पडायचा. मुलं विचारीत, "सर, रघुचं लग्न झालंय?" सर म्हणत, "झालंय." "लव्ह मॅरेज?" "नाही." वर्ग हळहळायचा.

आता ते वाचत होते. 'रन आउट ऑफ', संपणं: रघुच्या घरातलं रॉकेल संपलं आणि त्याला तीन दिवस ते ठाऊकच नव्हतं. 'टेक आफ्टर', वळणावर जाणं: रघु वडिलांच्या वळणावर गेला आहे, दोघेही पोस्टात शिरायला घाबरतात. 'कीप ऑन': रघुची बायको झोपेतही हिशेब बोलत राहते. प्रत्येक वाक्याला मागून एक दिवस चिकटलेला होता. तो दिवस सरांना दिसत होता, त्यातला उजेड, त्या दिवशीचं भाजीचं नाव सुद्धा. आणि प्रत्येक वेळी हेही दिसत होतं, की ते जिथे उभे राहून हे बोलत होते तिथून स्वयंपाकघराचा ओटा पाच पावलांवर होता. पूर्वी मध्ये दार होतं. दार उघडलं की पाच मुलांची जागा जायची, म्हणून शिकवणी वाढली तेव्हा सरांनीच ते बिजागऱ्यांसकट काढायला लावलं आणि मंदाकिनीने एका जुन्या साडीचा पडदा शिवला. बावीस वर्षं संध्याकाळी सहा ते आठ बाहेर पंचवीस मुलं आणि आत ती. तिचं तिथे असणं त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. मोरीतल्या बादलीत पाणी आहे हे जसं माहीत असतं, तसं ते माहीत होतं.

एका पानावर ते थांबले. 'गिव्ह अप', सोडून देणं. रघुने बायकोला गोष्टी समजावून सांगणं सोडून दिलं आहे. तारीख जुलैची होती. आदल्या रात्री त्यांनी तिला एका परदेशी कथेचा सारांश सांगितला होता, बर्फात अडकलेल्या एका माणसाची कथा, आणि ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटाला, जिथे त्यांचा स्वतःचा आवाज भरून आला होता तिथे, तिने विचारलं होतं, "मग इतके दिवस त्याच्या जेवणाचं काय केलं त्याने?" ते उठून गेले होते. दुसऱ्या दिवशी वर्ग पोट धरून हसला होता. निशिगंधाने वाक्याखाली एक हसरा चेहराही काढला होता. सर त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी आत भांड्याचा आवाज थांबला होता का, हे ते आठवू लागले, आठवेना. जितकं आठवायचा प्रयत्न करावा तितका तो आवाज थांबल्यासारखा ऐकू येऊ लागला. आणि आज त्यांना वाटलं, की प्रश्न बरोबरच होता. बर्फात अडकलेल्या माणसाच्या जेवणाचं कथेत काहीच नव्हतं. लेखकाला ते सुचलं नव्हतं आणि त्यांनाही नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी एक चाचणी घेतली. मंदाकिनी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. ते फळ्याच्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. तिथे आता मुलाने, विनीतने, भिंतीला लावून दिलेला टीव्ही होता. वर्गात बोलत त्याच्या अर्ध्याहून कमी आवाजात, जवळजवळ स्वतःशीच, ते म्हणाले, "मंदा."

"काय हो?"

"काही नाही."

"मग हाक कशाला मारलीत?"

"मारली नाही."

"ऐकू आली," ती म्हणाली.

ते येऊन खुर्चीत बसले. म्हणजे सगळं. सगळंच्या सगळं. मग त्यांनी पॅड घेतलं आणि निशिगंधासाठी वाक्य लिहायला घेतलं. रघुची बायको रघुला सोसते. हे तर झालंच. काय सोसते? पुस्तकं. पुस्तकांसाठी फडताळ गेलं आणि मसाल्याचे डबे पलंगाखाली राहू लागले. दारात रोज पंचवीस चपलांचे जोड, पावसाळ्यात चिखलासकट. वाक्य लांब होऊ लागलं म्हणून त्यांनी ते खोडलं. त्यांनी तीन शब्दकोश काढून पाहिले, जणू चौतीस वर्षांत या क्रियापदाला एखादा बरा अर्थ फुटला असेल. तिघांचंही एकमत होतं. त्रासदायक गोष्ट, कुरकुर न करता.

गुरुवारी दुपारी कुकरची शिट्टी झाली आणि ते दचकले. ही शिट्टी त्यांना अलीकडे फार लागायची. मागच्या वर्षी ते बोलूनही गेले होते, "हा नवा कुकर फार ओरडतो." तेव्हा ती म्हणाली होती, "जुनाच आहे." त्यांनी ते कानाआड केलं होतं. आता, दुसऱ्या शिट्टीच्या आधीच्या त्या फसफसणाऱ्या अर्ध्या मिनिटात, त्यांना ते उमगलं. जुनाच कुकर. लग्नातला. सहा ते आठ ही स्वयंपाकाची वेळ, सव्वाआठला विनीत जेवायला बसायचा, वरणभात रोजचा. आणि बावीस वर्षांत, शिकवणी चालू असताना, एकदाही शिट्टी झाली नव्हती. एकदाही नाही. त्यांना आठवत होती ती फक्त वाफेची फसफस आणि मग गॅसचं बटण फिरल्याचा टक असा आवाज. म्हणजे ती तिथे उभी राहत असणार. शिट्टी वर उचलली जायच्या बेतात आली की गॅस बंद करत असणार, वाफ बसली की पुन्हा लावत असणार, पुन्हा बंद, वरण शिजेपर्यंत. रोज. पंखा नसलेल्या त्या स्वयंपाकघरात. आणि शिकवणी बंद झाल्यावर कुकर बिचारा पहिल्यांदा मोकळा ओरडू लागला, तर आपण त्याला नवा म्हणून नावं ठेवली. सरांनी पॅडवर 'कुकर' एवढंच लिहिलं. त्यापुढे हात चालेना. एक्केचाळीस वर्षांपैकी निदान या बावीस वर्षांचा पुरावा हातात आला होता, आणि तो पुरता तिच्या बाजूचा होता.

शुक्रवारी बॅग निघाली. स्टुलावर मंदाकिनी चढली, सरांनी स्टूल धरलं. रुचिताने, त्यांच्या सुनेने, कोलशेतहून येताना आणलेली चाकांची बॅग पुढेच होती. तिच्यामागे कोपऱ्यात एक तपकिरी रेक्झिनची जुनी बॅग दिसली. "ती राहू दे," मंदाकिनी म्हणाली, सरांनी काही विचारलं नसताना. मग संध्याकाळभर ती साड्यांच्या घड्या घालत होती आणि मधूनमधून सांगत होती, दूधवाल्याला एकच पिशवी सांगितली आहे, भाजणीचा डबा डावीकडचा, गोळ्या सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी, उलटं करू नका. सर "हो" म्हणत होते. प्रत्येक 'हो' म्हणजे एकेक 'जा' होतं, हे त्यांना कळत होतं, आणि तरी दुसरं काही तोंडात येत नव्हतं. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द जिभेवर आणून पाहिले. ते एखाद्या नाटकातल्या माणसाचे वाटले. शिवाय कुठल्या तोंडाने म्हणायचं? सोसणाऱ्याला आणखी सोस म्हणायचं? जयाला तिची गरज होती, नदी होती, वारा होता. इथे काय होतं? वर्तमानपत्रामागचा एक माणूस.

रात्री झोपण्याआधी वही मिटताना एक पान आपोआप उघडलं, जे त्यांनी चार दिवस टाळलं होतं. 'गेट ओव्हर', एखाद्या गोष्टीतून सावरणं. रघु अजून त्यातून सावरलेला नाही. ऑक्टोबर नव्वद. समासात निशिगंधाने मराठीत लिहून ठेवलं होतं: कशातून, ते सरांनी सांगितले नाही. विचारलं तर म्हणाले, वाक्य एवढंच आहे.

शनिवारी नऊ वाजता बॅग दाराशी उभी होती. मंदाकिनीने त्यांच्या दुपारसाठी डाळतांदूळ धुऊन कुकरच्या भांड्यांत घालून ठेवले होते, निघायच्या आधी लावून जाणार होती. ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली, पाय जरा लांब करून. तास होता. सरांनी वही उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मंदा, ते एक 'गिव्ह अप'चं वाक्य होतं."

"समजावणं सोडलं ते?"

त्यांनी मान डोलावली. तिच्याकडे बघवेना.

"ऐकलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आमटीत मुद्दाम मीठ जास्त घातलं होतं मी. चांगलं चमचाभर. तुम्ही काही न बोलता दोन वाट्या प्यायलात. मला वाटलं, आता तरी बोलतील."

"मला वाटलं चुकून पडलंय. तुला वाईट वाटेल."

"तेच तर," ती म्हणाली आणि थोडी हसली.

सरांना आता थांबता येईना. "आणि ते ऑक्टोबरचं," ते म्हणाले. त्यापुढे त्यांनी काही म्हटलं नाही. तिलाही त्याची गरज पडली नाही. त्या वर्षी श्रावणात, तिला सातवा महिना असताना, सगळं संपलं होतं. मुलगी होती. सर हॉस्पिटलात आले, पलंगाशी उभे राहिले, आणि "विनीतला शाळेतून आणायचंय" असं म्हणून गेले. त्या वर्षी घरात गणपती आला नाही. दोघांपैकी कुणीही त्यावर कधी बोललं नाही.

"ती रेक्झिनची बॅग तेव्हा भरली होती मी," मंदाकिनी पडद्याकडे बघत म्हणाली. "आईकडे संगमेश्वरला जाणार होत्ये. किती दिवस, ते ठरवलं नव्हतं. वाटायचं, या माणसाला काही झालंच नाहीये. शाळा, शिकवणी, पुस्तक. आणि त्या दिवशी भाजी चिरत होत्ये, तर बाहेर तुम्ही ते सांगितलंत. त्या मुलांना अर्थ मराठीत सांगितलात म्हणून कळला. मग एक मुलगी विचारत्येय, कशातून सर, आणि तुमचा आवाज येईना. बराच वेळ येईना. मी साड्या परत कपाटात ठेवल्या."

सरांना ती भरलेली आणि रिकामी झालेली बॅग आठवत होती. एसटीचं रिझर्वेशन मिळालं नसेल, असं त्यांनी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. त्यांनी चष्मा काढला. काढल्यावर खोली मऊ झाली, तीही मऊ झाली, आणि बोलणं थोडं सोपं गेलं.

"तू बावीस वर्षं कुकरची शिट्टी होऊ दिली नाहीस. मला परवा कळलं. शिकवणीसाठी एवढा त्रास काढलास, आणि मी..."

"शिकवणीसाठी कशाला?" ती म्हणाली. "मुलांना काय, त्यांना शिट्टी आवडलीच असती. शिट्टी झाली की तेवढा वेळ ऐकू काही येत नसे मला. नेमकं तेव्हाच रघुचं वाक्य गेलं तर?"

सरांनी हातातल्या चष्म्याची काडी मिटली, पुन्हा उघडली.

"दिवसभरात तुम्ही माझ्याशी बोलणार ते मीठ दे आणि टॉवेल कुठाय. घरात चाललंय काय, तुमच्या मनात आहे काय, ते सगळं मला रघुकडून कळायचं. तुमचे वडील गेले तेव्हा, विनीत नापास झाला तेव्हा. एकदा रघुची बायको निळ्या साडीत चांगली दिसली होती. ती साडी अजून आहे." तिने पाय आखडून घेतले. "मग शिकवणी बंद केलीत. बारा वर्षं झाली, रघु बोलतच नाही. मी म्हटलं, जयाकडे जावं. रडते, पण बोलते तरी."

तिने ते तक्रारीसारखं म्हटलं नव्हतं. दूधवाल्याला एकच पिशवी सांगितली आहे, त्याच सुरात म्हटलं होतं. सरांच्या कानामागे गरम झालं. त्यांना माहीत होतं, की आता, याच क्षणी, काही म्हणायला हवं. ती वाटही बघत होती, गुडघ्यावरच्या पदराचं टोक दुमडत, उलगडत. वर्तमानपत्राच्या मागून 'तुला वाटलं तर जा' म्हणणाऱ्या माणसाला ही दुसरी संधी होती, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला तो असा: "नदी दिसते म्हणे तिकडून."

"हो," मंदाकिनी म्हणाली. "दिसते."

तेवढ्यात बेल वाजली. निशिगंधा जिन्याने धापा टाकत आली होती. "लिफ्ट कधी बसवणार सर तुम्ही लोक? काकू, आहात ना अजून? बरं झालं." मंदाकिनी उठली. "बस गं. चहा टाकते. कुकरही लावून टाकते, नाहीतर हे दुपारी बिस्किटं खातील." पडदा बाजूला झाला आणि पुन्हा पडला. आत लायटरचा आवाज झाला, एकदा, दोनदा.

निशिगंधाने वही मांडीवर घेतली, रिकामी ओळ काढली, पेनाचं टोपण मागे लावलं आणि मान वर केली. दहावीच्या वर्गात ती अशीच बघायची. "हं सर. सांगा."

सर उठले. बसून त्यांना वाक्य कधी सांगताच आलं नव्हतं. ते टीव्हीपाशी, फळ्याच्या जागी, जाऊन उभे राहिले. हातात खडू नव्हता म्हणून त्यांनी टेबलावरचं चष्म्याचं घर उचललं आणि ते बोटांत धरलं. आत कुकरमध्ये पाणी उकळू लागल्याचा घुमारा येत होता. पाच पावलं. वर्गासारखा आवाज काढायची गरज नव्हती, हे आता त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी तो काढला, स्वच्छ, शब्द सुटे करून, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"लिही. रघु..." ते म्हणाले, आणि थांबले.

निशिगंधाने रघु लिहिलं. पेन तसंच धरून ती वाट बघू लागली. कुकरची फसफस सुरू झाली होती, बारीक, मग जाड.

"रघु खोड," सर म्हणाले.

"खोडू?"

"खोड. 'आय' लिही." कानामागे गरम होत होतं, त्यांनी ते होऊ दिलं. "आय कॅन पुट अप विथ एट डेज. थ्री मंथ्स, आय कॅनॉट." मग शिकवणीतल्या सवयीनेच, खाली मराठी अर्थ असायलाच हवा म्हणून, ते म्हणाले, "आठ दिवस मी सोसेन. तीन महिने मला सोसवणार नाहीत. घरात मला तिच्याशिवाय करमत नाही. हे शेवटचं त्यात येत नाही, पण लिही."

निशिगंधाचं पेन मधेच थांबलं होतं. ती पडद्याकडे बघत होती. सरही तिकडेच बघत होते. आत वाफ आता पुरती चढली होती, शिट्टी जागच्या जागी थरथरत असल्याचा तो खुळखुळ आवाज येत होता, आता उचलली जाणार, आता ओरडणार, असा. मग टक असा बटण फिरल्याचा आवाज झाला. खुळखुळ मंदावत गेली आणि थांबली. शिट्टी झाली नाही.

"अहो," पडद्यामागून मंदाकिनी म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा. तिला लिहून घेता आलं नसेल."

सरांनी घसा खाकरला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.